४२ किलो, ५८ किलो

१९७२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात काम करणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज आणि त्यांचे सहकारी यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. वजनकाटा आणि उंची मोजायची पट्टी एवढ्याच साधनांवर माणसाच्या अंगातल्या चरबीचा अंदाज बांधायचा झाला, तर कोणतं सूत्र सर्वांत बरं, हा त्यांचा प्रश्न होता. तोवर तिकडचे डॉक्टर विमा कंपन्यांनी छापलेले ‘योग्य वजना’चे तक्ते वापरत, आणि कीज यांना ते पसंत नव्हते. पाच देशांतल्या सुमारे ७,४०० जणांची मापं त्यांनी घेतली, वेगवेगळी सूत्रं त्यांवर लावून पाहिली आणि वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचं एक जुनं सूत्र त्यांना त्यातल्या त्यात चांगलं वाटलं. त्याला त्यांनी बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. हे ७,४०० जण सगळेच्या सगळे पुरुष होते.

आज हा बीएमआय बाईची पाठ सोडत नाही. पाळी चुकायला लागली की स्त्रीरोगतज्ज्ञ तो काढतात, दिवस राहिले की केसपेपरवर पहिल्याच ओळीत तो येतो, मधुमेहाच्या शिबिरात, विम्याच्या अर्जात, जिमच्या फॉर्मवर, मोबाइलमधल्या ॲपवर तो विचारला जातो. तो टाकून द्यावा असं माझं म्हणणं नाही. सुई न टोचता, पैसे न घालवता, आडगावच्या उपकेंद्रातही काढता येईल असं दुसरं सोपं माप आपल्यापाशी फारसं नाही. पण हा आकडा काढायला पाच सेकंद लागतात आणि तो वाचायला बाईचं वय, तिची बाळंतपणं, तिच्या पोटाचा घेर आणि तिच्या आईची तब्येतसुद्धा ठाऊक असावी लागते. हे वाचणंच बहुतेक ठिकाणी राहून जातं.

हिशेब असा. किलोमधलं वजन घ्यायचं, त्याला मीटरमधल्या उंचीने भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा त्याच उंचीने भागायचं. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची साधारण १५२ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ पाच फूट. अशी एक बाई घेऊ, ५८ किलोची. ५८ भागिले १.५२ म्हणजे ३८.१६, त्याला पुन्हा १.५२ ने भागलं की २५.१. आता तिच्याच उंचीची दुसरी बाई घेऊ, ४२ किलोची. तिचा बीएमआय येतो १८.२. या दोघी लक्षात असू द्या. त्यांचं एकमेकींशी जवळचं नातं आहे, ते पुढे येईल.

उंचीने दोनदा का भागायचं? याचं उत्तर कीज यांच्याही मागे, बेल्जियममध्ये आहे. १७९६ साली गेंट शहरात जन्मलेले ॲडॉल्फ केतले हे खगोलशास्त्रज्ञ आणि गणिती होते. ब्रुसेल्सची वेधशाळा त्यांनी उभी केली. आकाशातल्या निरीक्षणांवर चालणारं सरासरीचं गणित माणसांवरही चालतं का, हे पाहायचा त्यांना ध्यास होता. १८३५ साली त्यांनी माणसाच्या वाढीवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. शरीर लांबी, रुंदी आणि जाडी या तिन्ही दिशांना सारखंच वाढत असतं, तर वजन उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढलं असतं. पण केतले यांना दिसलं की वाढ पूर्ण झालेल्या माणसांत ते साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतं, कारण उंच माणसं बुटक्या माणसांच्या मानाने अंगाने अरुंद असतात. त्यांना लोकसमूहाची सरासरी हवी होती. कुणा एकीला समोर बसवून तू जाड आहेस की नाहीस हे सांगणं त्यांच्या डोक्यातही नव्हतं.

वर्ग हा तरी अगदी नेमका आहे का, यावरही वाद आहे. ऑक्सफर्डचे गणिती निक ट्रेफेथन यांनी २०१३ साली सुचवलं की उंचीचा घात २ ऐवजी २.५ धरावा आणि उत्तराला १.३ ने गुणावं. त्या हिशेबाने आपल्या ५८ किलोच्या बाईचा आकडा २५.१ वरून २६.५ वर जातो. म्हणजे पाच फुटी बाईला चालू सूत्र थोडं झुकतं मापच देतं. वैद्यकाने हे नवं सूत्र स्वीकारलेलं नाही आणि आपणही ते वापरायची गरज नाही. तरी दशांश चिन्हापुढच्या अंकाला किती महत्त्व द्यायचं, हे त्यावरून उमगतं.

आता रेषा. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या वर्गीकरणात १८.५ च्या खाली कमी वजन, २५ पासून जास्त वजन आणि ३० पासून लठ्ठपणा. या रेषा प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतल्या लोकांच्या आजारपणाच्या आणि मृत्यूच्या नोंदींवर आखलेल्या आहेत. आशियातल्या लोकांना मधुमेह आणि हृदयविकार त्याहून बऱ्याच खालच्या आकड्यांवर गाठतात, हे लक्षात आल्यावर २००४ साली संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियासाठी २३ आणि २७.५ या जास्तीच्या खुणा सुचवल्या. २००९ साली भारतीय डॉक्टरांनी एकमताने आपल्यासाठी वेगळ्या मर्यादा मांडल्या: २२.९ पर्यंत ठीक, २३ ते २४.९ जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. त्यामुळे आपली २५.१ ची बाई जागतिक तक्त्यात जेमतेम उंबरठ्यावर आहे आणि भारतीय तक्त्यात थेट लठ्ठ. एकाच सकाळी दोन दवाखान्यांत तिला दोन वेगळी उत्तरं मिळू शकतात, आणि दोन्ही डॉक्टर आपापल्या तक्त्याप्रमाणे बरोबर असतात. मी भारतीय मर्यादा धरते. १५२ सेंटिमीटरच्या बाईला त्यानुसार साधारण ४३ ते ५३ किलो, १५५ ला ४४ ते ५५, १६० ला ४७ ते ५९ किलो एवढी मोकळीक आहे. दहा-बारा किलोंचा हा पट्टा पुष्कळ रुंद आहे. ‘माझं आदर्श वजन किती’ या प्रश्नाला एकच एक किलो उत्तर म्हणून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

मोजतानाच किती गडबड होते तेही बघा. उंची मोजताना चपला काढायच्या राहिल्या, किंवा पट्टी डोक्याऐवजी अंबाड्यावर टेकली, आणि १५२ चे १५४ झाले, तर त्याच ५८ किलोचा बीएमआय २४.५ होतो आणि बाई एका खणातून दुसऱ्या खणात जाते. पाळी येण्याआधी अंगात पाणी धरून राहिल्यामुळे किलो-दीड किलो सहज वाढतं. काठापदराची साडी आणि अंगावरचे दागिने वेगळेच. तेव्हा २४.५ आणि २५.१ यांच्यात काही मोठी दरी आहे असं समजून कुणी रात्रीचं जेवण सोडू नये.

बाईच्या शरीराकडे वळू. एकाच बीएमआयच्या पुरुषाच्या आणि स्त्रीच्या अंगातली चरबी मोजली तर स्त्रीच्या अंगात ती वजनाच्या साधारण दहा टक्क्यांनी जास्त निघते. यात दोष काही नाही. मांड्या, नितंब आणि स्तन यांतली चरबी गर्भारपणासाठी आणि अंगावर पाजण्यासाठी राखून ठेवलेली असते, आणि पाळी नियमित यायलाही ती लागते. १९४७ साली मार्सेचे डॉक्टर जाँ व्हाग यांनी दाखवून दिलं की चरबी किती यापेक्षा ती कुठे बसली आहे हे जास्त महत्त्वाचं. मांड्या-नितंबांवर भरलेल्या बायकांना त्रास कमी होतो. पोटावर, म्हणजे पुरुषी पद्धतीने, चरबी साठलेल्या बायकांना मधुमेह आणि हृदयविकार जास्त होतात. त्यांचं म्हणणं सर्वमान्य व्हायला पुढे काही दशकं लागली.

कारण असं आहे. कातडीखालची चरबी हे शरीराचं धान्याचं कोठार आहे. ते मोठं असेल तर जास्तीचं अन्न तिथे निमूट साठून राहतं. कोठारच लहान असेल तर पोती ओसरीवर, माजघरात, वाटेत कुठेही येऊन पडतात. शरीरात ही वाट म्हणजे यकृत, आतड्यांभोवतीची जागा आणि स्नायू. पोटातल्या चरबीतून सुटणारी मेदाम्लं थेट यकृतात जातात, इन्सुलिनचं काम तिथे अडतं आणि साखर, ट्रायग्लिसराइड, रक्तदाब वाढायला लागतात. वजनकाट्याला कोठारातलं पोतं आणि वाटेतलं पोतं यांतला फरक कळत नाही. स्नायू आणि चरबी यांतलाही नाही.

हे सर्वांत ठळकपणे जगापुढे आलं ते पुण्याहून. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याकडे येणारे मधुमेही पाठ्यपुस्तकातल्या मधुमेह्यांपेक्षा वयाने लहान आणि अंगाने बारीक असत. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचा शेजारीशेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन मॅरेथॉन धावणारे. त्यांच्या अंगात चरबी होती ९.१ टक्के. याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. हे दोघे पुरुष होते, पण भारतीय बाईला या फोटोचं महत्त्व अधिक आहे, कारण तिच्यात बाई म्हणून असलेली जास्तीची चरबी आणि भारतीय म्हणून असलेली जास्तीची चरबी, दोन्ही एकत्र येतात.

असं का होतं, याचा शोध याज्ञिक आणि त्यांचे सहकारी आधीच घेत होते. १९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या, अजून दिवस न राहिलेल्या तरुण बायकांपासून त्याची सुरुवात होती. या शेतकरी बायकांची सरासरी उंची होती सुमारे १५२ सेंटिमीटर, वजन सुमारे ४२ किलो, बीएमआय १८ च्या आसपास. आपली दुसरी बाई ती हीच. त्यांना दिवस राहिले, बाळं झाली. बाळांचं सरासरी वजन निघालं सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं सरासरी साडेतीन किलोंची. आपल्याकडची बाळं बारीक असतात हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण संशोधकांनी नुसतं वजन न करता बाळाच्या खांद्याच्या पात्याखालची चामडी चिमटीत धरून तिची जाडी मोजली. पुण्याच्या बाळाचे स्नायू कमी होते, पोटाचा घेर कमी होता, पण चरबी त्या मानाने फारशी कमी झालेली नव्हती. जगात येतानाच ते बारीक आणि चरबीदार, दोन्ही होतं.

त्याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि माझ्या मते ती घराघरांत सांगायला हवी. आई एकूण किती खाते यापेक्षा ती काय खाते, याच्याशी बाळाच्या आकाराचा जास्त संबंध होता. ज्या आयांच्या खाण्यात दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा होती, त्यांची बाळं अंगाने चांगली होती. पुढे याच मुलांच्या पाहणीत आईच्या रक्तातलं ब-१२ जीवनसत्त्व आणि मुलाच्या शरीरातला इन्सुलिनचा अडसर यांचाही संबंध दिसला. शेतात राबणारी, घरातल्या सगळ्यांची पानं उठल्यावर उरलंसुरलं खाणारी, आठवड्यातून दोन-तीन उपवास धरणारी बाई स्वतः काटक राहते. तिच्या ताटात जे कमी पडलं, त्याची नोंद तिच्या मुलीच्या अंगात राहते.

आता त्या दोघींचं नातं. ४२ किलोच्या आईच्या पोटी अडीच किलोची मुलगी जन्मते. ती शाळा शिकते, लग्न होऊन पिंपरी-चिंचवडला किंवा डोंबिवलीला जाते. डोक्यावर हंडा नाही, खुरपणी नाही, दिवसभराचं काम बसून. दोन बाळंतपणं होतात. पस्तिशीत ती ५८ किलोंची असते आणि डॉक्टर तिला सांगतात, बीएमआय २५.१, साखर सीमारेषेवर आहे. ‘आमच्या घराण्यात कुणाला मधुमेह नाही, आई तर काडीसारखी आहे’, असं ती म्हणते. आईचं काडीसारखं असणं आणि लेकीची साखर या एकाच कहाणीच्या दोन पिढ्या आहेत. म्हणून महाराष्ट्रात ‘कुपोषण आदिवासींचं आणि लठ्ठपणा शहरी बायकांचा’ अशी वाटणी कुणी करू लागलं की मला ती पटत नाही.

आकड्यांत ही दोन्ही टोकं एकत्रच नांदतात. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी १८.७ टक्क्यांचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी होता आणि २४ टक्क्यांचा २५ किंवा त्याहून जास्त. महाराष्ट्रातही पाचांतली एक बाई कमी वजनाची आणि जवळजवळ चौघींतली एक जास्त वजनाची. याच सर्वेक्षणात पहिल्यांदा टेप वापरली गेली. कंबर आणि नितंब यांचं गुणोत्तर ०.८५ किंवा त्याहून जास्त, म्हणजे धोक्याच्या बाजूचं, असलेल्या स्त्रिया किती निघाल्या? ५६.७ टक्के. काट्याने चौघींत एक आणि टेपने निम्म्याहून जास्त! ज्यांचा बीएमआय ठीक म्हणून आपण निश्चिंत होतो, त्या बायकांमध्येच पोटावर चरबी असलेल्या पुष्कळ जणी आहेत.

तरुणपणात बीएमआयची दोन्ही टोकं काळजीची असतात. वजन फार उतरलं की पाळी लांबते, मग थांबते. इस्ट्रोजेन घटतं आणि ज्या वयात हाडं भरायची त्या वयात ती भरत नाहीत. १८.५ च्या खाली आकडा आणि तीन महिने पाळी नाही, असं असेल तर लगेच डॉक्टरकडे जावं. उलट बाजूला पीसीओडी, हा अंडाशयांचा विकार. त्यात वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के उतरवल्यावर अनेकींची पाळी पुन्हा सुरळीत होते. ५८ किलोच्या बाईला हे तीन ते सहा किलो झाले. ५० किलोंपर्यंत पोचायची सक्ती तिच्यावर कुणी करू नये. आणि बारीक मुलींनाही पीसीओडी असतो, तिथे वजन उतरवायचा सल्ला लागू पडत नाही.

एका प्रथेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. लग्न ठरलं की मुली दोन-तीन महिने जवळजवळ उपाशी राहतात, फोटोत बारीक दिसावं म्हणून. लग्नानंतर वर्षभरात पुष्कळ जणींना दिवस राहतात. म्हणजे बाळाचं शरीर घडायला सुरुवात होण्याच्या नेमक्या आधीच्या काळात आईच्या अंगातले लोहाचे, ब-१२ चे, प्रथिनांचे साठे रिकामे केले जातात. १५२ सेंटिमीटर उंचीच्या ४७ किलोंच्या मुलीचा बीएमआय २०.३ असतो. तिला वजन उतरवायला सांगणारी आत्या, मावशी किंवा होणारी सासू आपल्या होणाऱ्या नातवंडाचंही नुकसान करते आहे.

गरोदरपणात बीएमआय वाचायचा नसतो. वाचायचा तो दिवस राहण्याआधीचा, निदान पहिल्या तीन महिन्यांतला, म्हणून नाव लवकर नोंदवावं आणि माता-बाल संरक्षण कार्डावर पहिलं वजन बाराव्या आठवड्याच्या आत पडावं. पुढे किती वजन वाढू द्यायचं ते या पहिल्या आकड्यावर ठरतं. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००९ सालच्या शिफारशींत, आधी १८.५ च्या खाली असलेल्या बाईने नऊ महिन्यांत साडेबारा ते अठरा किलो वाढवावं, १८.५ ते २४.९ वालीने साडेअकरा ते सोळा, २५ ते २९.९ वालीने सात ते साडेअकरा आणि ३० च्या वरच्या बाईने पाच ते नऊ किलो, असं म्हटलं आहे. हे आकडे उंच अमेरिकन बायकांचे. आपल्याकडचे डॉक्टर सरासरी बाईला दहा-बारा किलो सांगतात. पण त्यातला क्रम महत्त्वाचा आहे. बारीक बाईला जास्त वाढायचं आहे, आधीच भरलेल्या बाईला कमी. ‘दोन जिवांचं खा’ हा सल्ला ४२ किलोच्या सुनेला द्यायला हवा, आणि अनेकदा तो ५८ किलोच्या लेकीला मिळतो.

गर्भारपणातल्या साखरेची तपासणी बीएमआय पाहून ठरवू नये. भारतात ती सर्व गरोदर बायकांची करायची असते: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात, दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गर्भारपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत एकदा आणि चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा. बाळंतपणानंतर ही साखर बहुतेकींची उतरते आणि विषय विसरला जातो. तो विसरू नये. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी आणि त्यानंतर नेमाने करत राहावी, कारण अशा बाईला पुढच्या काही वर्षांत कायमचा मधुमेह होण्याचा धोका मोठा असतो. डिंकाचे, अळिवाचे, मेथीचे लाडू बाळंतिणीसाठी आहेत, त्यांना माझा विरोध नाही. ४२ किलोच्या बाळंतिणीला ते मनापासून द्यावेत. ज्या बाईची साखर गर्भारपणात चढली होती तिला मात्र अळीव, पालेभाजी, डाळ, अंडं यांवर भर देऊन गूळ-तूप आवरतं घ्यावं लागतं.

पाळी जाण्याचा काळ हा बीएमआयचा सर्वांत फसवा काळ आहे. भारतीय बाईची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते, युरोपातल्या बायकांपेक्षा काही वर्षं आधी. इस्ट्रोजेन ओसरलं की चरबी मांड्या-नितंबांकडून पोटाकडे सरकते आणि स्नायू घटायला लागतात. एक किलो स्नायू गेला, एक किलो चरबी आली, काटा जिथल्या तिथे. बाई म्हणते, माझं वजन दहा वर्षांत वाढलेलं नाही. तिचं म्हणणं खरं असतं. फक्त ब्लाउज कंबरेत बसेनासा झालेला असतो, आणि तिच्या शरीराबद्दल ब्लाउजच जास्त खरं सांगत असतो. शिवाय पाळी गेल्यावर चरबीतच थोडं इस्ट्रोजेन तयार होत राहतं. जास्त वजनाच्या बायकांत या वयानंतर गर्भाशयाच्या अस्तराचा आणि स्तनाचा कर्करोग अधिक आढळतो, त्यामागे हे एक कारण आहे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला तरी तपासून घ्यायचा, मग बीएमआय काहीही असो.

पुढे उंचीच बदलते. ठिसूळ झालेले मणके दबतात, पाठ वाकते. १५२ सेंटिमीटरची बाई सत्तरीत १४८ ची झाली आणि वजन ५८ किलोच राहिलं, तर तिचा बीएमआय २५.१ वरून २६.५ होतो. ती जाड झालेली नाही, तिची हाडं झिजली आहेत, आणि तिला हाडांच्या तपासणीची गरज आहे. उलट, तरुणपणची १५२ हीच उंची कागदावर लिहीत राहिलं तर ही झीज कुणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून पन्नाशीनंतर वजनाइतक्याच नेमाने उंचीही मोजावी. या वयात थोडं जास्त वजन फार मनावर घेऊ नये. आपोआप उतरणारं वजन मात्र घ्यावं. सहा महिने-वर्षभरात प्रयत्न न करता पाच टक्के वजन गेलं, म्हणजे ५८ चे ५५ झाले, तर ‘छान बारीक झाल्या’ म्हणून कौतुक न करता आजीला तपासून आणावं.

टेपबद्दल. शिवणकामाची टेप चालते. सर्वांत खालची बरगडी हाताने चाचपायची, कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा चाचपायचा, दोघांच्या मधोमध टेप आडवी धरायची, नेहमीसारखा श्वास सोडायचा आणि आकडा वाचायचा. पोट आत ओढायचं नाही, टेप आवळायची नाही. बहुतेक बायका परकराची नाडी बांधतात तिथे घेर मोजतात. ती जागा बरीच खाली असते आणि माप चुकतं. भारतीय बाईसाठी मर्यादा ८० सेंटिमीटर. याहून सोपी खूण म्हणजे पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. १५२ उंचीच्या बाईचा ७६ च्या आत. २०२५ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’च्या आंतरराष्ट्रीय आयोगानेही हेच सांगितलं: नुसत्या बीएमआयवरून लठ्ठपणा ठरवू नये, घेर मोजून किंवा चरबी मोजून खात्री करावी, आणि त्या चरबीने अवयवांना इजा झाली आहे की नाही हे वेगळं पाहावं. हे पाहायचं म्हणजे रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, यकृताची तपासणी, आणि गुडघे दुखतात का, झोपेत श्वास अडतो का ही साधी विचारपूस. पायाखाली ठेवून चरबीची टक्केवारी दाखवणारे घरगुती काटे मिळतात. अंगातलं पाणी कमीजास्त झालं की त्यांचे आकडे हलतात, त्यामुळे एकदाच आलेल्या आकड्यावर भिस्त ठेवू नये.

आता ५८ किलोच्या बाईने काय करावं? इथे चेन्नईचा एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखर सीमारेषेवर असलेल्या ५३१ जणांवर तो केला आणि २००६ साली निकाल प्रसिद्ध केला. त्यांत पुरुष जास्त होते, बायका कमी, ही त्यातली उणीव. ज्यांना रोजचं चालणं आणि जेवणातला साखर-तेल-भात आवरता घेणं नेमाने समजावून दिलं गेलं, त्यांच्यात तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. आणि त्यांचं वजन? ते म्हणावं असं उतरलंच नव्हतं. काटा हलला नाही, पण आजार लांबला. त्यामुळे महिनाभर चालूनही बीएमआय जिथल्या तिथे दिसला म्हणून चालणं सोडणाऱ्या बाईला मी हा अभ्यास सांगते. रोज अर्धा तास भराभर चालावं. आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना जोर पडेल असं काही करावं, खुर्चीतून हात न टेकता उठबस, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, काहीही. दोन्ही जेवणांत डाळ, उसळ, ताक, अंडं किंवा मासळी यांतलं काहीतरी असावं, आणि घरातल्या इतरांबरोबर एकाच पंगतीत बसून जेवावं. वजन महिन्यातून एकदा, सकाळी, पाळीचे दिवस टाळून करावं. घेर तीन महिन्यांतून एकदा मोजून तो कॅलेंडरवर लिहून ठेवावा. साखर आणि रक्तदाब वर्षातून एकदा तपासावेत, आणि घरात १८ च्या पुढची मुलगी असेल तर त्याच दिवशी तिचं हिमोग्लोबिन आणि ब-१२ ही तपासून घ्यावं.